जुनी थंडरबर्ड ३५० घाटात दम सोडते: बारा हजारांत काय करता येईल

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही कळेल. गाडी २०१३ची थंडरबर्ड ३५०, कार्बोरेटरवाली, ५८ हजार किलोमीटर झालेली. दोघे आणि दोन बॅगा घेऊन नागपूरहून छिंदवाडामार्गे पचमढीला जाताना सिल्लेवानी घाटात ती तिसऱ्या गिअरवर येते, सपाटीवरही ८०च्या पुढे जायला मागत नाही. बजेट १२ हजार. मेकॅनिकने फ्री-फ्लो (धूर कमी अडवणारा) सायलेन्सर, कोन फिल्टर (शंकूच्या आकाराचा उघडा एअर फिल्टर) आणि इरिडियम प्लग सुचवले आहेत.

या तिन्हींपैकी एकही वस्तू आत्ता घेऊ नका. हे ३४६ सीसीचे इंजिन नवे असताना साधारण १९.८ बीएचपी आणि ४००० आरपीएमला २८ न्यूटन मीटर टॉर्क देत होते. ५८ हजारांनंतर त्यातला काही भाग गळती, घर्षण आणि हवा-पेट्रोलचे चुकलेले मिश्रण यांत जातो. तो परत मिळवणे हे सगळ्यात स्वस्त ट्यूनिंग आहे. ते झाल्यावर गिअरिंगला हात लावायचा. सायलेन्सरने आवाज वाढतो, घाटात लागणारा खालचा टॉर्क बहुतेक वेळा कमी होतो आणि मिश्रण आणखी लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) होते. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली दंड आहे, आणि ट्रॅफिक पोलीस असे सायलेन्सर काढून घेतात ते वेगळे.

सुरुवात मोजण्यापासून करा. मोबाइलवर जीपीएस स्पीड दाखवणारे ॲप लावा आणि पहाटे काटोल किंवा उमरेड रोडवर रिकामा, सरळ, सपाट तुकडा शोधा. चौथ्या गिअरमध्ये ५० वरून थ्रॉटल पूर्ण उघडून ८० व्हायला किती सेकंद लागतात ते बघा. दोन्ही दिशांनी तीन-तीन वेळा करा आणि सरासरी लिहून ठेवा. प्रत्येक कामानंतर त्याच जागी, त्याच वेळी, तेवढेच वजन घेऊन पुन्हा मोजा. हे केले नाही तर प्रत्येक नवा पार्ट लावल्यावर गाडी सुधारल्यासारखी वाटते आणि पैसे कुठे वाया गेले ते कधीच कळत नाही.

आता फुकटातले. गाडी मेन स्टँडवर घ्या, न्यूट्रलमध्ये मागचे चाक हाताने फिरवा. दोन-तीन फेरे सहज फिरले पाहिजे. अर्ध्यात थांबत असेल तर कॅलिपरच्या स्लाइड पिन सुकल्या आहेत किंवा पिस्टन मागे सरकत नाही. पिन काढून साफ करा आणि ब्रेकसाठीचेच सिलिकॉन ग्रीस लावा, साधे ग्रीस रबर फुगवते. पुढच्या चाकाचेही तसेच. हवा पुढे २२ आणि डबलसीट असताना मागे ३२ पीएसआयच्या आसपास ठेवा आणि ती टायर गार असताना भरा. मे महिन्यात दुपारी पंपावर भरलेली हवा टायर गार झाल्यावर दोन-तीन पीएसआयने कमी भरते. चेन चाकाच्या पूर्ण फेऱ्यात जिथे सगळ्यात ताठ होते, तिथे २५ ते ३० मिलिमीटर ढील ठेवा. मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन बोटाने ओढा. अर्धा दात उघडा दिसला तर चेन संपली.

क्लच घसरतो का तेही बघा. चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये ५०-६०ला थ्रॉटल पूर्ण द्या. टॅकोमीटरचा काटा आधी उडाला आणि स्पीड मागून आले तर प्लेट गेल्या. लिव्हरला दोन-तीन मिलिमीटर मोकळी चाल आहे ना ते आधी तपासा, बऱ्याचदा तेवढेच कारण असते. इंजिनात कारचे ऑइल टाकले असेल तरीही क्लच घसरतो. १५डब्ल्यू५० ग्रेड आणि डब्यावर जॅसो एमए किंवा एमए२ (ऑइलमध्ये बुडणाऱ्या क्लचसाठीचे मानक) लिहिलेलेच ऑइल घ्या. ४५ अंशांत एअर-कूल्ड इंजिन चालवणाऱ्याने ते ३००० किलोमीटरला बदलावे असे माझे ठाम मत आहे. या इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट आहेत, ते ऑइलच्या दाबाने आपोआप जुळतात, त्यामुळे ‘टॅपेट सेट करून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. त्यांना फक्त स्वच्छ ऑइल लागते.

ट्विनस्पार्कची (एका सिलिंडरला दोन प्लग) एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. एक प्लग मेला तरी ही गाडी सुरू होते, चालते, आयडलही धरते. फक्त ओढ कमी होते आणि माणूस ‘गाडी जुनी झाली’ म्हणून वर्षभर तशीच चालवतो. तपासायचे असे: इंजिन बंद करून एका प्लगची कॅप काढा, त्यात जुना प्लग बसवून तो इंजिनाच्या धातूला टेकवून ठेवा आणि गाडी सुरू करा. मग दुसऱ्या बाजूने हेच करा. दोन्ही वेळा आयडल थोडे पडले पाहिजे. एका वेळी काहीच फरक पडला नाही, तर जिची कॅप काढली होती ती बाजू आधीच मेलेली आहे. बहुधा कॅप, वायर किंवा कॉइलचा कनेक्टर यांतले काहीतरी निघते. दोन साधे नवे प्लग घ्या, गॅप मॅन्युअलप्रमाणे ठेवा. इरिडियम जास्त टिकतो, ताकद वाढवत नाही.

यानंतर पेट्रोल आणि हवा. तुमचे मूळ दुखणे इथेच असण्याची शक्यता मला सगळ्यात जास्त वाटते. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. २०१३च्या गाडीतले जेट (कार्बोरेटरमधले पेट्रोल मोजून सोडणारे बारीक छिद्राचे तुकडे) इतके इथेनॉल धरून निवडलेले नाहीत. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागते: शुद्ध पेट्रोलचे गणित वजनाने १४.७ भाग हवेला १ भाग इंधन, तर ई२०चे (२० टक्के इथेनॉलवाल्याचे) साधारण १३.५ला १. जेट जुनेच ठेवले तर मिश्रण लीन होते. लीन इंजिन गरम चालते, थ्रॉटल उघडताना अडखळते आणि लोडखाली दम सोडते. तुमची लक्षणे हीच आहेत.

पण जेट बदलण्याआधी चार गोष्टी नीट करा, नाहीतर बिघाडावर पांघरूण घालाल. टाकीच्या झाकणाचे श्वासछिद्र बंद झाले की वीसेक किलोमीटरनंतर गाडी मरगळते. झाकण उघडताना ‘फुस्स’ आवाज आला तर तेच कारण. पेट्रोलचा पाइप कार्बोरेटरकडून काढून एक मिनिट बाटलीत धरा. पूर्ण लोडला या इंजिनाला मिनिटाला १००-१२० मिली लागते, म्हणून बाटलीत किमान २५० मिली आलेच पाहिजे. कमी आले तर टाकीतला गंज आणि कॉकची जाळी बघा. जुना रबरी पाइप इथेनॉलने आतून सुटतो आणि त्याचा काळा चुरा जेटमध्ये जाऊन बसतो, तो न विचारता बदलून टाका. कार्बोरेटर आणि हेड यांच्यामधले रबर तडकले आहे का बघा: इंजिन गार असताना, आयडलवर, जोडावर कार्ब क्लीनरचा अगदी थोडा फवारा मारा. आयडल बदलले तर तिथून हवा शिरते. सायलेन्सर तापलेला असताना हे करू नका, पेट घेईल. एअर फिल्टर कागदी आहे, त्याला धुवायचे नसते. उन्हाळ्यातल्या धुळीच्या रस्त्यांवर फिरणाऱ्याने तो वेळेआधीच बदलावा. कोन फिल्टर लावून एअरबॉक्स काढलात तर या सीव्ही (हवेच्या ओढीने स्लाइड उचलणाऱ्या) कार्बोरेटरचे सगळे गणित बिघडते आणि मग दहा जेट बदलूनही ते जुळत नाही.

कार्बोरेटर उघडल्यावर डायफ्रॅम (स्लाइड उचलणारा रबरी पडदा) बल्बसमोर धरून बघा. टाचणीएवढे छिद्र असले तरी स्लाइड पूर्ण वर जात नाही आणि गाडी ७५-८०ला अडकते. स्लाइड वर ढकलून सोडली की एकसारखी, न अडखळता खाली आली पाहिजे. स्लाइडला लटकणारी सुई मधोमध झिजून चपटी झाली असेल तर सुई आणि तिची नळी जोडीनेच बदला.

आता जेट. मेन जेटवर (थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर पेट्रोल देणारा) कोरलेला नंबर बघा, आणि फक्त एक पायरी वर जा. नंबर म्हणजे छिद्राचा व्यास असेल, तर तो अडीच टक्के वाढला की क्षेत्रफळ पाच टक्के वाढते. वरच्या गणिताने ई२०ला साधारण नऊ टक्के जास्त इंधन लागते, त्यातली निम्म्याहून अधिक वाढ एका पायरीतच मिळते. जुन्या जेटमध्ये ड्रिल घालून छिद्र मोठे करून देणारे मिस्त्री आहेत, त्यांच्या हातात कार्बोरेटर देऊ नका. मधल्या थ्रॉटलला अडखळत असेल तर सुईखाली अर्ध्या मिलिमीटरचा वॉशर टाका. पायलट स्क्रू (आयडलचे मिश्रण ठरवणारा) पाव-पाव फेरा बाहेर काढत जा, आयडल सगळ्यात वर जाईल तिथे थांबा आणि मग आयडल खाली घ्या. तपासणी अशी: मोकळ्या रस्त्यावर स्थिर ८०ने दोन-तीन किलोमीटर चालवा, क्लच आणि किल स्विच एकत्र दाबून कडेला थांबा, गार झाल्यावर प्लग काढा. पांढरा फटक चिनी मातीचा भाग म्हणजे अजून लीन, काजळी म्हणजे रिच (पेट्रोल जास्त). आजच्या पेट्रोलने रंग फिकाच येतो, फिकट बिस्किटासारखा रंग आला की पुरे.

नागपूरकरांनी हे काम शक्यतो थंडीत करावे. मे महिन्यातल्या ४५ अंशांच्या हवेपेक्षा डिसेंबरच्या पहाटेची १२ अंशांची हवा जवळपास १२ टक्के दाट असते. उन्हाळ्यात नेमके बसवलेले जेट थंडीत लीन होते आणि लीन इंजिनावर पचमढीचा चढ म्हणजे पिस्टनशी खेळ. थंडीत बसवलेले उन्हाळ्यात किंचित रिच चालते. मायलेज थोडे कमी होते, पण इंजिन सुरक्षित राहते. आणि पचमढी हजार मीटरच्या वर आहे. तिथे सात-आठ टक्के ताकद कमी होणारच, त्यासाठी कशालाच हात लावू नका. १०० ऑक्टेनच्या पेट्रोलचाही ८.५ला १ कॉम्प्रेशनच्या इंजिनाला काही उपयोग नाही.

एवढे करूनही ५० ते ८०चा आकडा सुधारला नाही, तर लीक-डाउन टेस्ट (सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरून किती टक्के गळते ते मोजणे) करून घ्या. साध्या कॉम्प्रेशन गेजवर विसंबू नका. या इंजिनात ऑटो डीकॉम्प्रेसर (सुरू करताना दाब थोडा सोडणारी यंत्रणा) असल्याने आकडा मुळातच कमी येतो, आणि दुसरा प्लग काढून ठेवला असेल तर शून्यच येतो, कारण दोन्ही प्लग एकाच सिलिंडरवर आहेत. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर (सगळ्यात वरच्या टोकाला) ठेवून गिअर टाका, मागचा ब्रेक दाबून धरा आणि प्लगच्या भोकातून हवा सोडा. आवाज कार्बोरेटरमधून आला तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट, ऑइलच्या झाकणातून आला तर रिंगा. गळती १५ टक्क्यांच्या आत असेल तर इंजिन उघडू नका. ३० टक्क्यांच्या वर आणि व्हॉल्व्हकडून असेल तर हेड उतरवून कार्बन काढणे, व्हॉल्व्ह लॅप करणे (घासून नीट बसवणे), नवे सील आणि गॅस्केट एवढे करा. बजेटचा मोठा भाग यात जाईल, पण तो योग्य जागी जाईल.

गिअरिंग शेवटी, आणि तेही चेन संपली असेल तरच. पुढचा एक दात कमी केला, समजा १८चे १७ केले, तर प्रत्येक गिअरमध्ये मागच्या चाकावर जवळपास सहा टक्के जास्त जोर मिळतो. बदल्यात ८०ला इंजिन ३५०० फिरत असेल तर ३७०० फिरेल. डबलसीट, सामान आणि सातपुड्यातले घाट असा तुमचा प्रवास असेल तर करा. एकट्याने हैदराबादकडे लांब हायवे मारायचा असेल तर नको, दिवसभराचे व्हायब्रेशन थकवते. आधी दात स्वतः मोजा आणि घाट रोडवरच्या स्पेअरच्या दुकानात जुना स्प्रॉकेट सोबत घेऊन जा, कारण पिच आणि आतले खाचे जुळायला हवेत. दोन्ही स्प्रॉकेट आणि चेन एकत्रच बदला, जुन्या चेनवर नवा स्प्रॉकेट लवकर खाल्ला जातो. लॉक वॉशर नवा वापरा. मागच्या हबमधली कश रबरे (झटके शोषणारी) त्याच वेळी बदला, थ्रॉटलचा झटका निघून जातो.

वजनाकडेही बघा. १९२ किलोची गाडी, दोघे आणि सामान मिळून ३५० किलोच्या पुढे जाते. जाड लोखंडी कॅरिअर, टूल्सचा ढीग, नको ते सामान असे १५ किलो उतरवले तर चार टक्के भार कमी होतो, एका पैशाचा खर्च न करता. क्रॅश गार्ड मात्र ठेवा. ८०च्या पुढे मोठी विंडशील्ड आणि बाजूला पसरलेल्या बॅगा इंजिनाला वजनापेक्षा जास्त अडवतात. एकदा विंडशील्ड काढून तेच मोजमाप करून बघा. आणि घाटात पाचवा गिअर ५५वर धरून ठेवू नका. चौथा टाका आणि काटा ३५०० ते ४५००मध्ये राहू द्या, या इंजिनाचा टॉर्क तिथेच आहे.

पैशांचा अंदाज: फिल्टर, प्लग, पाइप, ऑइल, जेट आणि कार्बोरेटरची रबरे मिळून तीन हजारांच्या आसपास. चेन-स्प्रॉकेट आणि कश रबर मजुरीसकट आणखी तीन हजार. उरलेले हेडच्या कामासाठी बाजूला ठेवा. ते लागलेच नाही तर ब्रेक पॅड, डॉट ४ ब्रेक फ्लुइड आणि मागचा टायर बघा. सामान लादून घाट उतरताना तेच लागतात.

पहिले मोजमाप झाले की ५० ते ८०चे सेकंद, मेन जेटचा नंबर, पुढच्या-मागच्या स्प्रॉकेटचे दात आणि दोन्ही प्लगचे फोटो इथे टाका. कुठली पायरी आधी घ्यायची ते त्यावरून नेमके सांगता येईल.