मुलांसाठी रंगीत थरांचं कोडं घरी करायचंय. नाशिकमध्ये सामान कुठे मिळेल आणि कागद कोणता घ्यावा?

या कोड्यात भोकं पाडलेली रंगीत पानं योग्य क्रमाने आणि योग्य दिशेने एकावर एक रचून ठरवलेलं चित्र जुळवायचं असतं. त्यासाठी पारदर्शक जिलेटिन पेपर घेऊ नका. पिवळ्यावर निळा ठेवा की निळ्यावर पिवळा, दिसणार हिरवाच. मग क्रम शोधण्यातली गंमतच जाते. दोन्ही बाजूंनी रंगीत असलेलं जाड कार्डशीट हवं, चार रंगांत. मेन रोड किंवा रविवार कारंजाकडच्या स्टेशनरी दुकानांत विचारा.

१० सेंमीचे चार चौरस कापा. कडेला अर्धा सेंमी सोडून आत ३ सेंमीची नऊ घरं आखा. एक पान अखंड ठेवा, ते तळाला. बाकी तिघांत दोन-तीन घरं कटरने कापून काढा. तळाचं पान स्थिर धरलं तरी वरच्या तिघांचे ६ क्रम आणि प्रत्येकाच्या ४ दिशा, म्हणजे ६ × ६४ = ३८४ मांडण्या होतात!

खरी मेहनत भोकं ठरवण्यात आहे. फक्त मधलं घर कापलं तर पान कसंही फिरवा, फरक पडत नाही. समोरासमोरचे दोनच कोपरे कापले तर अर्धा फेरा देऊनही तेच चित्र येतं. एक कोपरा आणि त्याला न चिकटलेलं कडेचं एक घर, ही जोडी उत्तम. ठरवलेल्या चित्रात चारही रंग दिसलेच पाहिजेत, नाहीतर एकाहून जास्त उत्तरं निघू शकतात.

माप गुण्या लावूनच घ्या. चौरस २ मिमीने जरी तिरका झाला, तरी पान फिरवल्यावर भोकाच्या कडेला खालचा रंग डोकावतो आणि उत्तर फुटतं. पावसाळ्यात कार्ड वाकतं. वह्यांच्या गठ्ठ्याखाली दाबून ठेवा.