दुर्गसंवर्धनाच्या ग्रुपवरचे भांडकुदळ सदस्य आवरायचे कसे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गडसंवर्धनाचा व्हॉट्सॲप ग्रुप, ३४० सदस्य, मोहिमेला येणारे तीस-चाळीस आणि रोज रात्री वाद घालणारे चार-पाच. जुनी माणसं न बोलता बाहेर पडतायत. आणि कुणाला काढलं तर ग्रुप फुटेल अशी धास्ती.

सगळ्यात आधी, त्या चार-पाच जणांना एकाच माळेचे मणी समजू नका. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, तसा उपायही वेगळा.

"हिशोब द्या" म्हणून मागे लागणारा बहुतेक ग्रुपवर एक असतोच. तो त्रासदायक वाटतो, पण बऱ्याचदा त्याचं म्हणणं रास्त असतं. वर्गणी गोळा होते, दोर, घमेली, टिकाव, जेवण, टेम्पो यांवर खर्च होतो आणि हिशोब खजिनदाराच्या वहीतच राहतो. दर महिन्याच्या ५ तारखेला जमा, खर्च, शिल्लक आणि बिलांचे फोटो टाकायला लागा. तीन महिने न चुकता टाकलंत तर त्याच्या तक्रारीतली हवा निघून जाते. शक्य असेल तर बिलं तपासायचं काम त्यालाच द्या. एवढं करूनही तो तेच उगाळत बसला, तर प्रश्न हिशोबाचा नाही हे बाकीच्यांनाही दिसतं. मग पुढची पावलं उचलायला तुम्ही मोकळे.

दुसरा इतिहासावरून भांडणारा. अमुक बुरूज कुणी बांधला, तमुक लढाईत कोण होतं, यावर रात्री बारापर्यंत दोनशे मेसेज. इथे एकच नियम पुरतो: ऐतिहासिक दावा करायचा तर पुस्तकाचं किंवा पत्राचं नाव आणि पान क्रमांक द्यायचा, नाहीतर पोस्ट काढली जाईल. नुसतं "सगळ्यांना माहीत आहे" चालणार नाही. पान शोधायला वेळ लागतो, तेवढ्यात डोकं शांत होतं.

गुड मॉर्निंग, राजकारण आणि फॉरवर्डवाले हा मुळात रचनेचा दोष आहे. काम आणि गप्पा एकाच ग्रुपवर असतील तर हे होणारच. व्हॉट्सॲपची 'कम्युनिटी' करा: एक घोषणांचा ग्रुप, जिथे फक्त ॲडमिन लिहितील, एक मोहिमेचा, ज्यात त्या महिन्यात येणाऱ्यांचीच नावं, आणि एक गप्पांचा. पुष्कळ सदस्य फक्त घोषणांवर समाधानी असतात. तुम्ही म्हणता ते गळणारे जुने लोक बहुधा हेच.

आता खरा अवघड माणूस. कमरेएवढ्या गाळात उतरून दिवसभर टाकं साफ करणारा, दगड कसा हलवायचा हे कळणारा, पण ग्रुपवर नवख्याचा पाणउतारा करणारा. त्याच्या कामाच्या भिडेपोटी सगळे गप्प बसतात. त्यातून नवी पोरं एकदा येतात, दुसऱ्यांदा येत नाहीत, आणि दोन वर्षांनी सगळा भार परत त्याच्याच अंगावर पडतो. म्हणजे तो आणखी चिडतो.

अशा माणसाला ग्रुपवर उत्तर देऊ नका आणि त्याच रात्री मेसेजही करू नका. दुसऱ्या दिवशी फोन करा. तुम्हीच करायला हवा असं नाही. ज्याला तो मानतो अशा ज्येष्ठाने केला तर जास्त बरं. बोलणं तीन वाक्यांत उरका: "काल साडेदहाला तुम्ही त्याला 'कधी गड चढलायस का' असं लिहिलंत. त्याने रविवारचं नाव मागे घेतलं. नवख्याला काही सांगायचं तर मला फोन करा, ग्रुपवर नको." नेमका मेसेज, त्याचा परिणाम, काय हवं ते. "लोकांचं म्हणणं आहे" असं चुकूनही म्हणू नका. लगेच "कोण लोक?" असं विचारलं जातं आणि पुढचा अर्धा तास नावं काढण्यात जातो.

फोनने भागलं नाही तर खासगी लेखी समज, तारखेसह. त्यानंतर १५ दिवस मोहिमेच्या ग्रुपबाहेर, पण घोषणांच्या ग्रुपवर कायम. सर्वांत शेवटी कायमचं बाहेर. सामान्य ग्रुपवर एकाच सदस्याचं तोंड बंद ठेवायची सोय व्हॉट्सॲपवर नाही. काढून पुन्हा घ्यायचं, किंवा अख्ख्या ग्रुपवर 'फक्त ॲडमिन' लावायचं, एवढंच हाती असतं. वाद पेटला की रात्री दहा ते सकाळी आठ ग्रुप बंद ठेवणं हा दुसरा मार्ग माझ्या मते फार कमी वापरला जातो. त्यात कुणा एकावर बोट ठेवल्यासारखं होत नाही.

ही पावलं आणि पाच-सहा ओळींचे नियम ग्रुपच्या वर्णनात आधीच लिहून ठेवा. पिन केलेला मेसेज जास्तीत जास्त ३० दिवस टिकतो, तेव्हा दर महिन्याला पुन्हा पिन करावा लागतो.

निर्णय तीन ॲडमिननी मिळून घ्यावा, चार नकोत, नाहीतर दोन-दोन अडकून बसतात. सदस्यांचा कौल घेऊ नका: व्हॉट्सॲपच्या पोलमध्ये कुणी कशाला मत दिलं ते सगळ्यांना दिसतं, आणि ते भांडण गडावर जेवणाच्या पंगतीपर्यंत पोचतं.

काढण्याआधी एक काम हमखास राहून जातं. त्याच्याकडे काय काय आहे ते बघा. संस्थेचे दोर आणि हत्यारं कुणाच्या घरी आहेत? पुरातत्त्व विभागाचं परवानगीपत्र कुणाकडे? गूगल ड्राइव्हवरची सदस्यांची यादी कुणाच्या मालकीची? इन्स्टाग्रामचा पासवर्ड कुणाला माहीत? हे हातात आल्याशिवाय बटण दाबू नका. आणि ग्रुप ज्याने सुरू केला तोच त्रास देणारा असेल तर इतर ॲडमिन त्याला काढू शकत नाहीत; नवा ग्रुप काढून सगळ्यांना तिकडे न्यावं लागतं. काढल्यावर आमंत्रणाची लिंक बदला आणि नव्या सदस्याला ॲडमिनची मंजुरी लागेल अशी सेटिंग करा, नाहीतर दुसऱ्या नंबरवरून तोच माणूस परत येतो.

ग्रुपवर एकच ओळ टाका: "अमुक यांना नियमांनुसार ग्रुपमधून कमी केले आहे, शंका असल्यास ॲडमिनना फोन करावा." कारणांची यादी आणि स्क्रीनशॉट टाकलेत तर उलट तुमच्यावरच बदनामीची तक्रार होऊ शकते.

दोन प्रकारांत मात्र पायऱ्या चढत बसायचं नाही. जातीधर्मावरून भडकवणारी पोस्ट दिसली की आधी स्क्रीनशॉट घेऊन जपून ठेवा आणि मग ॲडमिन म्हणून ती सर्वांसाठी डिलीट करा. कुठल्या ॲडमिनने काढली ते सगळ्यांना दिसतं, ते दिसू द्या. सदस्याच्या आक्षेपार्ह पोस्टसाठी, समान हेतू किंवा आधी ठरलेला बेत असल्याशिवाय ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१मध्ये म्हटलं आहे. पण म्हणून डोळेझाक करू नका. पोलीस ठाण्यात जबाब द्यायला जाण्यातही रविवार जातोच.

दुसरा प्रकार म्हणजे "परवानगीची वाट कशाला, उद्या सिमेंट घेऊन जाऊ." संरक्षित गडावर हा सरळ गुन्हा ठरू शकतो, शिवाय चुन्याच्या जुन्या बांधकामात सिमेंट भरलं की ओल आत कोंडते आणि दगडच झिजू लागतो. अशी पोस्ट तिथल्या तिथे काढा आणि खाली परवानगी कशाची आहे, कशाची नाही ते लिहा.

फुटीचं म्हणाल तर एखादा दहा-पंधरा जण घेऊन जाईलही. जाऊ द्या. त्यांच्या ॲडमिनला मोहिमांच्या तारखा कळवत राहा, म्हणजे एकाच रविवारी एकाच टाक्यावर दोन्ही गट जाणार नाहीत. परत यायचं म्हणणाऱ्याला तीन महिन्यांनी आधी एका मोहिमेला बोलवा आणि दिवसभर नवख्यांच्या जोडीला घमेली वाहायला लावा. संध्याकाळी उतरताना त्या पोरांनाच विचारा, पुढच्या वेळी याच्यासोबत काम कराल का.