तिकडे पाऊस आहे का?

कारेलीबाग, बडोदे

चि. मुली,

अनेक आशीर्वाद.

रविवारी झोपाळ्यावर बसून तू जे विचारलंस, त्याला मी 'बघू' म्हटलं आणि सेव-उसळ वाढायला उठले. खरं म्हणजे मला उत्तर सुचलं नव्हतं. आता रात्रीचे अकरा वाजलेत, बाहेर पावसाने धरलंय, तुझे काका घोरतायत. म्हटलं, लिहूनच टाकावं.

तू म्हणालीस, "मावशी, ग्रुपवर आम्ही आठ जण. त्यातल्या पाच जणांना मी कधी पाहिलेलंही नाही. मस्कतवालीने काल लिहिलं, बाबांना ॲडमिट केलंय. सगळ्यांनी हात जोडलेले टाकले. मीही टाकले. मग लाज वाटली. काय लिहायचं असतं अशा वेळी?" आणि चप्पल घालता घालता म्हणालीस, "तसं आम्ही बोलतो तरी काय, नुसता पाऊस, बीपी आणि सासू."

तो 'नुसता' मला टोचला.

मी टेलिफोन खात्यात होते एवढं तुला माहीत आहे. तिथे मी काय करत होते, हे तू कधी विचारलं नाहीस आणि मीही सांगितलं नाही. १९८१ साली मी ट्रंक बोर्डावर लागले, म्हणजे परगावचे कॉल हाताने जोडून द्यायचं काम. लोक १८० फिरवून कॉल बुक करायचे आणि मग तास-दोन तास फोनजवळ बसून राहायचे. घाई असेल तर अर्जंट, त्याला दुप्पट पैसे. जिवावरचं असेल तर लाइटनिंग, त्याला आठपट. तीन मिनिटं झाली की आम्ही मध्ये बोलायचं, "तीन मिनिटं झाली, वाढवायचा का?" एवढा महागाचा वेळ, पण माणसं पहिलं मिनिट कशावर घालवायची? "तिकडे पाऊस आहे का?" मी नवीन होते, मला हसू यायचं. म्हणायचे, पैसे मोजून हवामान विचारतात!

एका गृहस्थांनी इथल्या रावपुऱ्यातून सांगलीला कॉल लावला होता. अडीच मिनिटं पाऊस, उसाची लावण आणि गोठ्यातली म्हैस. मी माझं ठरलेलं वाक्य टाकलं. ते म्हणाले, "नको, ठेवतो. बाकी ठीक." दहा मिनिटांनी त्यांनीच पुन्हा तोच नंबर मागितला. लाइन लागली का हे बघायला मी कानाला लावलं, तर पहिलंच वाक्य, "दादा, हिच्या छातीत गाठ निघालीय." त्या माणसाला अगोदरची तीन मिनिटं नुसतं दारापर्यंत यायला लागली होती आणि दारात पोचल्या पोचल्या मी त्याला हटकलं होतं. त्यानंतर पावसाला मी कधी हसले नाही. (सांगली खरी नाही, रावपुराही नाही. का ते पुढे येईल.)

आता तुला एक गंमत सांगते. तुला वाटतं, न पाहिलेले मित्र ही तुमच्या पिढीची चीज. माझी इंदूरची मैत्रीण मी तीस वर्षं पाहिली नव्हती. ती तिकडच्या बोर्डावर, मी इकडच्या. रात्रपाळीत कॉल तुरळक, लाइन तपासायची म्हणून प्लग लावायचा आणि म्हणायचं, "हां इंदौर, बडोदा बोल रही हूँ." दोन-तीन महिने हिंदीच चाललं. एके रात्री तिच्या हातून चहा सांडला आणि ती ओरडली, "अगं बाई!" मी म्हटलं, "मराठी होय!" बस, तिथून सुरू झालं. तिकडे गारा पडल्या का, मुलाचा ताप उतरला का, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन कधी. नियमात बसणारं नव्हतं, पण पहाटे दोनला नियमही पेंगतात. नंतर चौकाचौकांत एसटीडीच्या पिवळ्या पाट्या लागल्या, ट्रंक बोर्ड ओस पडला, आमची बोलणी मात्र राहिली. आधी घरच्या फोनवर, आता व्हॉट्सॲपवर. २०११ साली इंदूरला एका लग्नात समोरासमोर आलो. दोघी गप्प! काही सुचेचना. शेवटी तिनेच विचारलं, "बडोद्याला पाऊस?"

तर तुझा प्रश्न. काय लिहायचं.

हात जोडलेलं चित्र वाईट नाही, पण ते पोच-पावतीसारखं आहे. 'वाचलं' एवढंच कळतं. 'काही लागलं तर सांग' हे त्याहून वाईट, कारण आधीच दमलेल्या माणसावर आपण आणखी एक काम टाकतो: काय लागतं ते शोध, शब्द जुळव आणि मागायची लाजही तूच गिळ. ज्याला एका ओळीत उत्तर देता येईल असं काहीतरी विचारावं. रात्री जवळ कोण थांबतंय? आई जेवली का? माझ्या इंदूरवालीचा यात हात कोणी धरणार नाही.

२०२४ चा ऑगस्ट आठव. जन्माष्टमीच्या दिवशी पाऊस कोसळत होता, आजवा तलावाची पातळी २११ फुटांच्या वर गेल्याचे मेसेज येऊ लागले आणि विश्वामित्री नदी ३५ फुटांच्याही वर चढली. पंचवीस फुटांना धोका मानतात, म्हणजे हिशोब तूच कर. आमच्या पार्किंगमध्ये गळाभर पाणी. वीज गेली ती तीन दिवस. फोनमध्ये अठ्ठावीस टक्के. तशात सत्तर-ऐंशी मेसेज येऊन पडलेले: 'काळजी घ्या', 'स्टे सेफ', मगरीचे व्हिडिओ, त्यातले अर्धे २०१९ च्या पुरातले. आणि इंदूरहून एकच ओळ: "इन्सुलिन कुठे ठेवलंयस?"

काकांचं इन्सुलिन! बंद फ्रिजमध्ये. माझ्या डोक्यातून साफ गेलं होतं. तिने सांगितलं, रिकाम्या माठाला ओलं फडकं गुंडाळ, कुपी कोरड्या डबीत घालून आत ठेव, पाण्यात बुडवू नकोस, माठ खिडकीपाशी वाऱ्यावर ठेव. वापरात असलेली कुपी तीस अंशांच्या आत राहिली तर साधारण चार आठवडे चालते, तेव्हा घाबरू नको. आणि उत्तर लिहू नकोस, बॅटरी राख, पाणी उतरलं की फक्त 'हो' टाक. मी तिसऱ्या दिवशी 'हो' टाकलं.

हे तिला सुचलं, कारण आठ वर्षांपूर्वी पावसाच्याच गप्पांत मी कधीतरी म्हटलं होतं की काका आता सुईवर आलेत. ते तिने ध्यानात ठेवलं. तेवढंच शिकायचं आहे बघ, दुसऱ्याचं ध्यानात ठेवणं. तुमच्या आठ जणांत कोणाची आई डायलिसिसवर आहे, कोण एकटं राहतं, कोणाचं बाळ दम्याचं आहे, हे तुला न बघता सांगता येतं का? 'नुसत्या' बीपीच्या गप्पा त्यासाठी असतात.

वादळाच्या दिवसांत ग्रुपवर कसं वागायचं तेही लिहिते, कारण पावसाळा तोंडावर नव्हे, डोक्यावर आहे. खिडकीतून जे दिसतं ते लिही: गल्ली, वेळ, पाणी घोट्याएवढं की गुडघ्याएवढं. ऐकलेलं लिहू नकोस. हवामान खात्याचे रंग हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल असे चढत जातात. लाल म्हटल्यावर विनोद बंद. आणि वादळाचं नाव वाचून थांबू नकोस, ते कुठून कुठे चाललंय ते बघ. त्या ऑगस्टमध्ये आपल्याला बुडवणारा जो कमी दाबाचा पट्टा मध्य प्रदेश-राजस्थानकडून आला होता, तोच कच्छवरून समुद्रात उतरला आणि ३० तारखेला त्याचं 'आसना' चक्रीवादळ झालं. पाकिस्तानने दिलेलं नाव. अरबी समुद्रात ऑगस्टमध्ये वादळ म्हणजे १९७६ नंतर पहिल्यांदाच. म्हणजे आपल्याकडे ऊन पडलं, आपण गाद्या वाळत घातल्या, आणि ते निघालं ओमानच्या दिशेला. वाटेत विरलं म्हणून बरं. पण त्या दोन दिवसांत तुझ्या मस्कतवालीला 'तिकडे कसं आहे' असं आपल्यातल्या कोणी विचारलं होतं का? तेव्हा तुमचा ग्रुप नसेल, तर सोडून दे.

(नावांवरून आठवलं. २०२३ च्या 'बिपरजॉय'चं नाव बांगलादेशाने दिलेलं. नीट ऐकलंस तर तो आपला विपर्ययच आहे. २०२१ चं 'ताउते' म्यानमारचं, म्हणजे पाल. सौराष्ट्रात उन्याकडे लोकांचे आंबे-नारळ झोपवणाऱ्या वादळाला पालीचं नाव! इंदूरवाली आणि मी यावर आठवडाभर हसत होतो, करोनाच्या त्या महिन्यात हसायला दुसरं काही नव्हतं.)

तब्येतीच्या बाबतीत मी जरा कडक आहे. कोणी लिहिलं, की बीपीची गोळी सोडली, दुधीचा रस सुरू केला, तर ग्रुपवर वाद घालू नकोस. चारचौघांत चूक दाखवली की माणूस हट्टाने तीच करतो. वेगळा फोन कर. विचार, गोळी डॉक्टरला सांगून सोडलीस का? आणि एवढं नक्की सांग, की दुधी कडू लागला तर घोटभरही प्यायचा नाही. त्या कडूपणात विष असतं, उलट्यांतून रक्त पडेपर्यंत जातं. कोणी लिहिलं, 'आईचं तोंड वाकडं झालंय, हात उचलत नाही, झोप झाली की बघू', तर झोपू द्यायचं नाही. आधी १०८. मेंदूतली गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनला साडेचार तासांचीच मुदत असते. इथे मात्र पाऊस विचारत बसू नकोस, हा लाइटनिंग कॉल आहे.

सासू-नणंदांच्या बाबतीत मी स्वतः पोळलेय. इंदूरवाली एकदा दिराबद्दल रडकुंडीला येऊन बोलत होती. मी तावातावाने म्हटलं, "असल्या माणसाला घराबाहेर काढ." पुढचे तीन आठवडे तिच्याकडून फक्त "हां जी, बडोदा, नंबर बोलिए." तिला कुरकुर करायची होती, वाटणी करायची नव्हती. ऐकावं, 'हं' म्हणावं, 'मग तू काय केलंस' विचारावं. शिव्या घालायचा हक्क घरच्याच माणसाचा. उद्या तोच दीर तिला स्टेशनवर घ्यायला येतो आणि वाईट होतो आपण.

आता ते सांगलीचं. बोर्डावर कानावर पडलेलं बाहेर सांगणं १८८५ च्या तार कायद्याने गुन्हा होता, तुरुंग होता. तुम्हाला कोणी तुरुंगात घालणार नाही, म्हणून जास्त जपायला हवं. एकीने रिपोर्टचा फोटो टाकला तर तो तुझ्या ऑफिसातल्या 'माझ्या ओळखीच्या डॉक्टरला' तिला न विचारता पाठवू नकोस. तुमच्यातल्या एकाचं लग्न मोडल्याचं तू मला रविवारी नावानिशी सांगितलंस. मला ते ऐकायला नको होतं, गं. मी विसरलेय, तूही विसर.

आणखी एक, थोडक्यात. आम्ही आवाजावरून माणूस ओळखायचो, तुम्ही लिहिण्यावरून ओळखा. जी रोज पानभर लिहायची ती चार दिवस नुसतं 'ठीक' लिहायला लागली, तर ठीक नाही. आणि जो कधी 'कृपया' म्हणत नाही तो एकदम 'कृपया तातडीने वीस हजार' लिहायला लागला, तर तो तुझा मित्र नाही, त्याच्या फोनमध्ये शिरलेला चोर आहे. पैसे पाठवण्याआधी आवाज ऐक. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३०.

एक गोष्ट मात्र मला अजून खटकतेय. मी रविवारी तुला विचारलं, "बाबा कुठे ॲडमिट आहेत, मस्कतला की इकडे?" तू म्हणालीस, माहीत नाही. आडनावावरून मला तरी ते आपल्याच बाजूचे वाटतात. इकडेच कुठे असतील, आणि ती तिकडे बसून फोनकडे बघत असेल.

विचार आणि मला कळव. मी सकाळी सहाला उठते. डबा दोघांचा करायचा की तिघांचा, एवढंच मला आदल्या रात्री समजलं म्हणजे झालं.

तुझी,
मावशी

ता.क. स्टीलचा मोठा डबा तू जानेवारीत नेलायस. तो आण.