बागेचा टपालखाना: फूल येतं, फळ का धरत नाही?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रांत एकच दुखणं आहे: झाड फुलतं, पण फळ धरत नाही. आणि त्याच्या पुढचं वाक्यही ठरलेलं, 'कोणतं खत घालू?' खताचा प्रश्न मी बाजूला ठेवते आहे. आधी फूल हातात घ्या, उकलून बघा, ते किती वाजता उमलतं ते बघा. उत्तर बहुतेक वेळा तिथेच असतं.

ताई, आमचं सीताफळ सहा वर्षांचं आहे. फुलं भरपूर येतात, फळं मात्र चार-पाचच, आणि तीही एका बाजूने बसकी. शेणखत, हाडांचा चुरा, सगळं घालून झालं.

तुमच्या पत्रातला 'एका बाजूने बसकी' हा शब्द माझ्यासाठी सगळ्यात मोलाचा. सीताफळ हे एकच फळ दिसत असलं तरी त्याचा एकेक डोळा म्हणजे एकेक स्वतंत्र बीजकोश असतो. ज्या डोळ्यापर्यंत पराग पोचले तो भरतो, ज्याच्यापर्यंत पोचले नाहीत तो तसाच राहतो. म्हणजे बसकी बाजू ही उपाशी झाडाची खूण नाही, अपुऱ्या परागांची आहे. मीही तीन वर्षं नुसती खतंच घालत होते, झाड पानांनी गच्च झालं आणि फळं तेवढीच राहिली.

आता फूल बघा. हिरवट, तीन जाड पाकळ्यांचं, खाली तोंड करून लोंबणारं. ते आधी मादी असतं, मग नर होतं. पाकळ्या जेमतेम किलकिल्या झाल्या की आतल्या शंकूचं टोक, म्हणजे कुक्षी, ओलं आणि चकचकीत दिसतं. पराग घ्यायची वेळ ती. पाकळ्या पुरत्या फाकतात तेव्हा पराग सुटतात, पण तोवर त्याच फुलाची कुक्षी सुकून गेलेली असते. त्यामुळे एका फुलाचे पराग त्याच फुलाला सहसा उपयोगी पडत नाहीत. निसर्गात ही ने-आण बारीक भुंगेरे करतात, मधमाश्या या फुलाकडे फारशा फिरकत नाहीत. हे भुंगेरे पिकल्या, आंबलेल्या फळाच्या वासाला येतात, म्हणून झाडाखाली फळांच्या साली टाकून ठेवल्या तर मदत होते.

खात्रीचं काम हातानेच. पुरतं फाकलेलं, पराग सुटलेलं फूल कोरड्या वाटीवर धरून टिचकी मारा. मलईच्या रंगाचे बारीक कण पडतील. पराग लवकर निकामी होतात, म्हणून ताजेच वापरा. सकाळी लवकर, हवेत ओलावा असताना, किलकिलं फूल शोधा, दोन बोटांनी पाकळ्या हळूच विलग करा आणि चित्रकलेचा मऊ, बारीक ब्रश परागांत बुडवून कुक्षीभोवती सगळीकडून फिरवा. 'सगळीकडून' म्हणते कारण एका बाजूला लावलंत तर फळ पुन्हा वाकडंच येईल. देठाला रंगीत दोरा बांधा. पाकळ्या गळून गेल्यावर हिरवा मणी देठावर टिकून राहिला तर फळ धरलं. पहिल्या वर्षी माझ्या दोरा बांधलेल्या फुलांपैकी निम्म्याहून जास्त धरली होती, आणि फळं चौफेर गोल. कडक, कोरड्या उन्हात कुक्षी लगेच सुकते, अशा दिवसांत हा उद्योग करू नका. बारीक फांदीवर दोन-तीनच फुलं घ्या, तिला पेलली पाहिजेत.

पिवळ्या पॅशनफ्रूटचा वेल मांडवभर पसरला आहे. शेकडो फुलं येऊन गळून गेली. वेल वांझ आहे का?

वांझ मुळीच नाही, एकटा आहे. जांभळ्या जातीचा वेल सहसा स्वतःच्याच परागांवर फळ धरतो. पिवळ्या जातीला मात्र दुसऱ्या वेलाचे पराग लागतात, आणि तो वेल खरोखर दुसरा हवा. मला वेल विकणाऱ्याने 'एक पुरे' असं सांगितलं होतं. फळ येईना म्हणून मी त्याच वेलाची फांदी लावून दुसरा केला आणि आणखी एक वर्ष गेलं. छाटापासून केलेला वेल म्हणजे तोच वेल, त्याचे पराग पहिल्याला चालत नाहीत. बियांपासून आलेलं वेगळं रोप आणा.

पिवळ्याची फुलं दुपारच्या सुमारास उमलतात आणि रात्री मिटतात. उमलल्यावर तीन कुक्षी आधी वर ताठ असतात, मग हळूहळू वाकून परागकोशांच्या, म्हणजे पराग भरलेल्या पिशव्यांच्या, पातळीवर येतात. तासभर खुर्ची टाकून बसलात तर ते वाकणं डोळ्यांनी दिसतं, जरूर बघा. पुरत्या वाकलेल्या कुक्षींनाच पराग लावा. एका वेलाचा परागकोश चिमट्याने तोडून दुसऱ्या वेलाच्या तिन्ही कुक्षींवर घासला की झालं. फुलांवर पाणी मारू नका, भिजले की परागकण फुटतात.

या वेलाचा खरा सोबती म्हणजे काळा, मोठा, लाकूड पोखरणारा भुंगा. त्याची पाठ परागकोशांना आणि कुक्षींना बरोबर घासली जाईल एवढी उंच असते. मधमाशी लहान पडते, ती पराग गोळा करून निघून जाते. जुना वासा किंवा वाळलेला जाड ओंडका बागेच्या कोपऱ्यात राहू द्या, भुंगा तिथे घर करेल. आणि फुलोऱ्यात कीटकनाशक फवारू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. माव्यासारख्या किडीसाठी मारलेलं औषध भुंग्याला सोडत नाही.

पपईचं रोप लावतानाच नर की मादी हे कसं ओळखायचं?

बघून ओळखता येत नाही. बियांच्या रंगावरून किंवा मुळांवरून सांगणारे भेटतात, त्यावर विसंबू नका. एका खड्ड्यात तीन रोपं लावा आणि पहिल्या कळ्यांची वाट बघा. लांब, लोंबत्या देठांवर बारीक फुलांचे झुबके आले तर नर. खोडालगत, बुडाशी फुगीर कळी आली तर मादी. लांबट, सडपातळ कळी उभयलिंगी झाडाची, आणि घरापुरतं एकच झाड ठेवायचं असेल तर हेच ठेवा. त्याला दुसऱ्याची गरज नसते. बियाणं घेतानाच उभयलिंगी वाणाचं मागितलंत तर निम्मी चिंता मिटते. नर-मादी वेगळ्या असणाऱ्या वाणात मात्र सगळे नर उपटू नका, एक राहू द्या.

जागा एका झाडापुरतीच आहे. असं काय लावू जे एकट्याने फळेल? अंजीर चालेल का? त्याला तर फूलच येत नाही.

अंजीर उत्तम. फूल येतं, ते आत असतं. 'उंबराचं फूल' आपण न दिसणाऱ्या माणसाला म्हणतो, अंजीर त्या उंबराचंच भावंड. ज्याला आपण कोवळं फळ म्हणतो त्याच्या आतल्या भिंतीवर शेकडो बारीक फुलं असतात. काही जातींना एका चिमुकल्या गांधीलमाशीशिवाय फळ येत नाही, पण घरी लावतात त्या साध्या अंजिराला परागांची गरजच नसते. रोप घेताना एवढंच विचारून घ्या.

लिंबू आणि पेरूही एकटे फळतात. लिंबाची फुलं ढीगभर गळतात, घाबरू नका, शंभरातली मोजकीच धरायची असतात. डाळिंबाचं मात्र एक लक्षात ठेवा: घंटेसारखी, बुडाशी निमुळती फुलं गळणारच, ती नरासारखी वागतात. सुरईसारखी, बुडाशी फुगलेली फुलं फळ देतात. गळालेली फुलं उचलून आकार तपासा, मग ठरवा काळजी करायची की नाही. आणि जे लावाल ते कलम घ्या. बियांचं झाड कसं निघेल ते सांगता येत नाही, आणि जागा एकच असताना मी तरी चार-पाच वर्षं पणाला लावणार नाही.

हाताने पराग लावणं म्हणजे निसर्गात ढवळाढवळ नाही का?

झाड जिथून आलं तिथला कीटक आपण सोबत आणला नाही, तेव्हाच ढवळाढवळ झाली. आपण ती भरून काढतो. व्हॅनिलाचा वेल मेक्सिकोतून हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर नेला गेला, फुलला, पण शेंग धरेना. 1841 मध्ये एडमंड आल्बियस या 12 वर्षांच्या गुलाम मुलाने बारीक काडीने फुलातला पडदा उचलून अंगठ्याने पराग कुक्षीवर दाबायची रीत शोधली. आजही व्हॅनिलाच्या बागा त्याच रीतीवर चालतात. मोठमोठ्यांना न सुचलेलं एका पोराला सुचलं, कारण त्याने फूल नीट बघितलं होतं.

ड्रॅगनफ्रूटची कळी संध्याकाळी फुगलेली असते, सकाळी बघावं तर मिटलेली. फूल उमलतं कधी?

तुम्ही झोपलेल्या असता तेव्हा. ते एकाच रात्रीचं फूल आहे. कळी फुगून टोक सैल झालं की त्या रात्री दहानंतर टॉर्च घेऊन जा. पराग ब्रशने काढून मधल्या, टोकाला अनेक फाटे फुटलेल्या कुक्षीला भरपूर लावा. पांढऱ्या गराचं असेल तर त्याच फुलाचे पराग बहुधा चालतात. लाल गराच्या बऱ्याच वाणांना दुसऱ्या वाणाचे लागतात. दोघांची फुलं एकाच रात्री आली नाहीत तर पराग कागदावर कोरडे करून घट्ट डबीत फ्रीजमध्ये ठेवा, दोन-चार दिवस चालतात. सकाळी फूल मलूल होऊन लोंबेल, ते ओढून काढू नका. पाचव्या-सहाव्या दिवशी बुडाशी पिवळं पडू लागलं तर गळेल. हिरवं राहिलं तर महिन्या-सव्वा महिन्यात मला पुन्हा पत्र पाठवा.