भूमितीत 13 पडले म्हणून ग्रुप मोडू नका, उत्तरं पाठवणं बंद करा

नाशिकच्या सिडकोतले पाच मित्र, व्हॉट्सॲपवर ग्रुप. गणित अडलं की फोटो टाकायचा, तुमच्यातला हुशार मुलगा रात्री सोडवून वहीच्या पानाचा फोटो पाठवणार, बाकीचे उतरवून घेणार. पूर्वपरीक्षेत बीजगणितात 24, भूमितीत 40 पैकी 13. आता तो मुलगा वैतागून ग्रुप सोडून गेला आणि घरचे म्हणतात क्लास बदल. तुझी पोस्ट एवढीच, पण वाचताना मला माझंच दहावीचं वर्ष दिसत होतं, म्हणून जरा लांबण लावते.

आधी सांगून ठेवते, मी शिक्षिका नाही. अंबडला एका कारखान्यात तपासणी विभागात आहे आणि संध्याकाळी गल्लीतली दहावीची पोरं माझ्याकडे येऊन बसतात, तेवढाच माझा अधिकार. शिवाय हे सगळं राज्य मंडळाच्या मुलांसाठी आहे, म्हणजे बीजगणित आणि भूमितीचे 40-40 गुणांचे दोन पेपर, दोन-दोन तासांचे. सीबीएसईवाल्यांचा 80 गुणांचा एकच पेपर असतो, त्यांनी आपापलं बघावं. सूत्रं पाठ कर, सरावसंच सोडव, हे तुला शंभर जणांनी सांगितलं असेल, ते मी सांगत बसत नाही.

आता क्लासचं. परीक्षा तोंडावर आलेली असताना क्लास बदलू नकोस, हे माझं ठाम मत. नवीन क्लासवाले पहिल्या धड्यापासून त्यांच्या वह्या उतरवायला लावतील आणि त्यातच दिवस जातील. क्लास वाईटच असतात असं नाही, माझ्या भावाला चांगला मिळाला. माझा राग आहे तो आमच्या क्लासच्या एका खिडकीवर, जिथे शंकांच्या चिठ्ठ्या घ्यायचे तिच्यावर. नाव सांगत नाही, सांगून आता उपयोगही नाही.

क्लास सुटला की आम्ही काही जणी तिथल्याच जिन्यात बसून एकमेकींची गणितं बघायचो. वेगवेगळ्या बॅचच्या होतो. खिडकीतल्या मॅडमना ते खपायचं नाही. "इथं घोळका करू नका, शंका असेल तर चिठ्ठी टाका." चिठ्ठी छापील होती. नाव, बॅच, प्रकरण, गणिताचा क्रमांक, बस. तू काय केलंस, कुठे अडलीस, हे लिहायला जागाच नाही. मी एकदा माझ्या वहीचं पान चिठ्ठीला टाचून दिलं, तर त्यांनी टाचणी काढून पान परत केलं. "फक्त क्रमांक लिहायचा असतो." शनिवारी त्या क्रमांकाचं पूर्ण सोडवलेलं गणित झेरॉक्स होऊन मिळायचं. सुंदर अक्षर, अचूक उत्तर. आणि आमची पाटी कोरी ती कोरीच.

नेमकं काय व्हायचं ते एका गणितावर दाखवते, म्हणजे तुमच्या ग्रुपमध्ये काय बिघडलंय ते तुला दिसेल. त्रिकोण एबीसी. एबीवर डी, एसीवर ई, आणि डीई समांतर बीसी. एडी 3, डीबी 2, डीई 6. बीसी काढा. मी मांडलं होतं 3/2 = 6/बीसी, म्हणजे बीसी 4. झेरॉक्सवर होतं 3/5 = 6/बीसी, म्हणजे बीसी 10. मी 4 खोडून 10 लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या, झालं शंका-निरसन! 2 च्या जागी 5 का आले हे त्या कागदावर कुठेच नव्हतं, कारण लिहिणाऱ्याला मी 2 घेतले होते हेच माहीत नव्हतं. दिवाळीपासून पूर्वपरीक्षेपर्यंत तीच चूक माझ्या प्रत्येक गणितात होत राहिली. क्षेत्रफळांच्या गुणोत्तरात, जिथे बाजूंचे वर्ग येतात, तिथे तर 9:25 च्या जागी 9:4 येऊन सगळाच बट्ट्याबोळ.

सुटलं ते असं. पूर्वपरीक्षेनंतर आमच्यातल्या एकीने, जिला सगळे कच्ची समजायचे, माझा पेपर हातात घेतला आणि म्हणाली, "अगं, डीई वर, बीसी खाली. खालची बाजू वरच्यापेक्षा लहान कशी आली?" मी गप्प. मग तिने डीबीवर बोट ठेवलं. "हा तुकडा कुठल्या त्रिकोणाची बाजू आहे?" कुठल्याच नाही. लहान त्रिकोणाची बाजू एडी, मोठ्याची एबी. डीबी हा नुसता उरलेला तुकडा. एडी भागिले डीबी हे एई भागिले ईसीशी जुळतं, म्हणून ते डोक्यात घट्ट बसलेलं असतं आणि समांतर बाजूंना नको तिथे लावलं जातं. तिने उत्तर सांगितलंच नाही. दोन प्रश्न विचारले आणि पेपर परत दिला.

तुमचा ग्रुप म्हणजे तीच खिडकी झालीय. फोटो टाकला की पायऱ्यांसकट उत्तर देणारी ॲप्स आहेत, त्यांचंही तेच, फक्त शनिवारची वाट बघावी लागत नाही. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या पोरांना एकच अट आहे. नुसत्या छापील गणिताचा फोटो टाकायचा नाही. स्वतःची वही, जिथपर्यंत जमलं तिथपर्यंत, खोडाखोड तशीच ठेवून. काहीच जमलं नसेल तर निदान आकृती काढून दिलेली मापं त्यात भरायची. आणि मदत करणाऱ्याने पूर्ण उत्तर पाठवायचं नाही. जी ओळ चुकली तिच्याभोवती गोल करायचा आणि एक प्रश्न विचारायचा. आमच्या कारखान्यात माप चुकलेल्या जॉबवर, म्हणजे मशीनवर घडवलेल्या भागावर, नुसता लाल शिक्का मारून भागत नाही, कुठलं माप किती हुकलं ते लिहावं लागतं, नाहीतर मशीनवाला पुढचे शंभर नगही तसेच काढतो. समोरासमोर बसला असाल तर पेन अडलेल्याच्याच हातात राहिलं पाहिजे. समजावणाऱ्याने पेन उचललं की समोरचा मान डोलवायला लागतो, हे मी रोज बघते.

बीजगणितातलं उदाहरण देते. गेल्या आठवड्यात एका मुलाने क्रेमरच्या पद्धतीचं, म्हणजे सहगुणकांवरून एक्स-वाय काढायचं, गणित दाखवलं. 3एक्स + 2वाय = 11 आणि 7एक्स = 4वाय − 9. त्याचं एक्स आलं उणे 31. शेजारच्या मुलीने पूर्ण गणित सोडवून दाखवायला सुरुवात केली, तिला थांबवलं. म्हटलं, फक्त चुकीची ओळ शोध. तिने शोधली. दुसऱ्या समीकरणातला 4वाय डावीकडे न आणताच याने सहगुणक अधिक 4 धरला होता, त्यामुळे डीची, म्हणजे सहगुणकांच्या निश्चयकाची, किंमत उणे 2 आली. उणे 4 घेतलं की डी उणे 26, एक्स 1, वाय 4. उरलेलं त्याने स्वतःच केलं. मुळात उणे 31 आल्यावर ती किंमत समीकरणात घालून बघायला हवी होती, पण ते कोणी करत नाही. दोन अंकी संख्यांपैकी 4 ने भाग जाणाऱ्या किती, या गणितात 12 पासून 96 पर्यंत मांडून मुलं 21 वर थांबतात, तिथेही उत्तर कोणी तपासत नाही. एन म्हणजे एकूण संख्या किती ते, 21 ही एन वजा 1 ची किंमत आहे, उत्तर 22.

तुमच्या त्या हुशार मित्राबद्दल. त्याचा राग मला पटतो. चौघांची गणितं रोज रात्री एकट्याने उपसायची, वर "लवकर टाक ना" ऐकायचं, कोण टिकेल? शिवाय माझा अनुभव असा की (सगळ्यांना पटेलच असं नाही) ज्याला गणित पहिल्यापासून येतं तो समजावायला बऱ्याचदा कामाचा नसतो. त्याच्या तीन पायऱ्या मनातच होतात आणि "सोपं तर आहे" म्हणून तो पुढे जातो. ज्याला ते गणित मागच्या आठवड्यात कळलं, त्याला आपण कुठे अडखळलो होतो ते अजून आठवत असतं. म्हणून प्रकरणं वाटून घ्या. वर्तुळ तुला जड जातं म्हणतोस ना, मग वर्तुळ तूच घे. पुढच्या रविवारी बाकीच्यांना स्पर्शिकेच्या गणितात मदत करायची म्हटल्यावर तुला "कारण"सुद्धा लिहावं लागेल, नुसती पायरी लिहून चालणार नाही. भूमितीत गुण जातात ते बहुतेक तिथेच.

यातच एक युक्ती. "कृती पूर्ण करा", म्हणजे चौकटी भरायचे प्रश्न, पेपरात 2 अ आणि 3 अ ला येतात, मिळून 7 गुण. पेपरचा आराखडा एकदा आपल्या सरांकडून पक्का करून घे. हे प्रश्न तुम्हीच एकमेकांसाठी तयार करा. पाठ्यपुस्तकातलं एखादं प्रमेय वहीत उतरवा, त्यातल्या चार-पाच जागा कोऱ्या सोडा आणि वही शेजाऱ्याला द्या. गंमत अशी की भरणाऱ्यापेक्षा जागा कोऱ्या सोडणारा जास्त शिकतो. कुठली ओळ काढली तर सिद्धता लंगडी पडेल, हे ठरवायला अख्खी सिद्धता समजावी लागते.

बसायला जागा कुठली, हा खरा प्रश्न. आपल्याकडे अभ्यासिका ढीगभर आहेत, पण तिथे बोलता येत नाही, आणि हा अभ्यास न बोलता होत नाही. शाळेत विचारा, एखादा वर्ग तासभर उघडा ठेवतील. आमच्या शाळेने ठेवला नव्हता, शिपायाची वेळ संपते म्हणाले, असो. नाहीतर कोणाची तरी गच्ची. नाशिकच्या थंडीत संध्याकाळी तिथे बोटं आखडतात आणि रचनेचं गणित करताना कंपास घसरतो, तेवढं सोसा. कंपासवरून आठवलं, स्क्रू ढिला असेल तर आजच बदल. त्रिज्या अर्ध्यात सरकली की अचूक पद्धतीचीही रचना चुकते आणि परीक्षेत कोणाकडे मागता येत नाही.

सुरुवातीला सगळे बुजतात, दुसऱ्याची चूक दाखवायला लाजतात. त्यावर आमच्याकडे एक खेळ चालतो. देवळालीच्या शाळेत शिकवायचे ते गणितज्ञ द. रा. कापरेकर, त्यांनी 1949 साली शोधलेली 6174 ही संख्या. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने आणि चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करा, आलेल्या संख्येचं पुन्हा तसंच. 3524 घेतली तर 5432 वजा 2345, 3087. मग 8730 वजा 0378, 8352. मग 8532 वजा 2358, 6174. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथे पोचतंच. आता कोणाचं पोचलं नाही तर चूक त्याच्या वजाबाकीत आहे हे सगळ्यांनाच ठाऊक असतं, वाद होत नाही. मग वही शेजारच्याला द्यायची आणि त्याने फक्त चुकलेली ओळ शोधायची. हातचा विसरलेला असतो नाहीतर पुढचं शून्य खाल्लेलं असतं. दोन-चार वेळा झालं की मुलं एकमेकांची प्रमेयंही तशीच न लाजता तपासायला लागतात.

मित्राला परत बोलाव, पण "ये, गणितं सोडवून दे" म्हणून नको. त्याला म्हण, संभाव्यता आणि निर्देशक भूमिती एवढंच तुझं, बाकी आम्ही वाटून घेतलंय. नाहीच आला तर चौघांनी सुरू करा, खोळंबू नका. आणि कोणी नुसता छापील गणिताचा फोटो टाकला तर त्याला उत्तर देऊ नका, दोन दिवस रुसेल.

तुझा भूमितीचा 13 गुण पडलेला पेपर इथे टाकलास तर बघेन, पोरं गेल्यावर, म्हणजे रात्री आठनंतर. नाव आणि बैठक क्रमांक झाकून टाक. अर्थनियोजनातलं शेअर्सचं मात्र मला विचारू नकोस, ते कॉमर्सवाल्या कोणालातरी विचार. जीएसटीचं चालेल. तिथे दर गणितात दिलेला असेल तोच धरायचा, बाहेर हल्ली किती आहे ते आणू नकोस.