रकान्यात खरे तेच लिही

चिरंजीव मुला,
अनेक आशीर्वाद.

वनरक्षकाच्या भरतीत तुझी निवड झाली, आणि चारित्र्य पडताळणीचा नमुना भरताना ‘न्यायालयाने आपणास कधी दोषी ठरविले आहे काय’ या प्रश्नापाशी तू अडलास. दंड भरला, कोर्ट उठेपर्यंत बसून राहिलो, मग प्रकरण संपले ना, असे तू विचारतोस. शिक्षा संपली, दोषसिद्धी, म्हणजे न्यायालयाने तुला दोषी ठरवले ही गोष्ट, संपलेली नाही. हा फरक त्या दिवशी तुला कोणीच समजावून सांगितला नाही, याचा मला अजूनही संताप येतो. पोळ्याच्या दिवशीची मारामारी, साधी दुखापत, आणि ज्याला लागले तो मुलगा आज तुमच्याच धुऱ्यावर बसून चहा पितो. त्याने न्यायालयापुढे तडजोड नोंदवली असती, तर कायद्याने त्याचा परिणाम तू निर्दोष सुटण्यासारखाच झाला असता. ते जमत नव्हते तर तुझे वय आणि पहिलाच गुन्हा पाहून १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाखाली, म्हणजे शिक्षा न देता ताकीद किंवा चांगल्या वागणुकीच्या हमीवर, सोडण्याची विनंती करता आली असती, आणि त्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे दोषसिद्धीमागून येणारी अपात्रता तुला लागली नसती. त्याऐवजी ‘कबूल करून टाक, तारखा वाचतील’ असे कोणीतरी म्हणाले आणि तू मान डोलावलीस. स्वतः कबूल केलेल्या गुन्ह्यात दोषसिद्धीविरुद्ध अपीलही राहत नाही. शिक्षा किती आणि कायदेशीर की नाही, एवढ्यापुरतेच ते उरते.

आता सेतू केंद्रातला मुलगा सांगतो म्हणून त्या चौकटीत तू पेन्सिलीने ‘नाही’ लिहून ठेवले आहेस. ते आधी खोड. रकान्यात खरे तेच लिही. पडताळणी शेवटी आपल्याच पोलीस ठाण्यातून होते आणि तिथल्या नोंदवहीत तुझे नाव आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात पडताळणीत गुन्हा लपवण्याचा हा प्रश्न सविस्तर हाताळला. तरुण वयातला किरकोळ गुन्हा असेल तर लपवणूकही माफ करण्याची मुभा त्याने नियुक्ती करणाऱ्याला दिली, पण ती मुभा त्याची आहे, तुझा हक्क नव्हे. खरे सांगितले तरी नोकरी मिळेलच असे नाही, हेही त्याच निकालात आहे. म्हणून मी तुला खोटा दिलासा देणार नाही. एवढे मात्र नक्की, की खरे सांगितलेस तर फार तर मारामारीचा विचार होईल. लपवलेस तर खोटेपणाचाही होईल, आणि तो नोकरी लागल्यावर दहा वर्षांनीही होऊ शकेल.

तुम्हाला काय जाते सांगायला, असे तुझ्या मनात आले असेल. माझे बरेच गेले आहे. कापूस एकाधिकार खरेदीच्या काळात, म्हणजे कापूस फक्त सरकारी खरेदीलाच द्यायचा असताना आणि १९७१ च्या कायद्याने तो बाहेर विकायला बंदी असताना, मी वरूडकडून सीमेपलीकडे मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याला कापूस नेला, कारण घरच्या पिकाला तिथे भाव मिळत होता. मला दंड झाला. पुढे ती मक्तेदारी मोडीत निघाली, माझ्या नावाची नोंद तशीच राहिली. सोसायटीच्या गटसचिवाच्या जागेसाठी मी ती अर्जात लिहिली आणि जागा गेली. धाकट्या बहिणीची सोयरीक ठरत होती, तेव्हा पाहुण्यांना मीच आधी सांगितले, सोयरीक मोडली. ती कितीतरी वर्षे माझ्याशी धड बोलली नाही आणि त्याचे दुःख मला आजही आहे. तरीही मी बरोबरच होतो. ते लग्नानंतर कळले असते तर तिला सासरी रोज ऐकावे लागले असते, हे मी तिला पुन्हा पुन्हा सांगितले आणि आज तुला सांगतो आहे. रकान्यात खरे तेच लिहायचे असते, मग तो रकाना सरकारी असो की सोयरिकीचा.

बाकीची भीती मात्र मनातून काढ. ग्रामपंचायत सदस्य व्हायला अपात्र ठरण्यासाठी, दारूबंदी किंवा अस्पृश्यतेचा गुन्हा नसेल, तर सहा महिने किंवा अधिक कैदेची अट आहे. पारपत्र (पासपोर्ट) दोषसिद्धीमुळे नाकारायला नैतिक अधःपतनाचा गुन्हा आणि किमान दोन वर्षांची कैद लागते. तुझे प्रकरण त्यात बसत नाही. गावात कोणी काहीही सांगो.

उद्या तालुक्याला जा, न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करून निकालाची प्रमाणित प्रत घे. नमुन्याला ती जोड, आणि सोबत आता भांडण मिटल्याबद्दल त्या मुलाचे प्रतिज्ञापत्र लाव. पेनाने भरण्याआधी सगळे कागद घेऊन माझ्याकडे ये.

तुझा,
काका