इंग्लंडमध्ये स्वतः मारलेले हरीण आणि रानपक्षी गावातल्या पबला विकता येतात का?

तुमचा प्रश्न असा आहे: सफोकमधल्या एका शेतकऱ्याने तुम्हाला त्याच्या जमिनीवर हरणे आणि रानकबुतरे मारण्याची परवानगी दिली आहे, घरचा फ्रीजर भरूनही मांस उरते, तर ते जवळच्या पबला किंवा रेस्टॉरंटला रीतसर विकता येईल का? मी याच काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) नऊ वर्षे परवान्याने शिकार करतो आणि दोन पबना व एका लहान रेस्टॉरंटला माल देतो. विकता येते, मात्र जनावर तुम्ही कातडीसकट देणार की सोलून आणि कापून देणार, यावर पुढचे बहुतेक सगळे अवलंबून आहे.

कातडीसकट किंवा पिसांसकट देणार असाल, तर कायद्याच्या नजरेत तुम्ही प्राथमिक उत्पादक ठरता, म्हणजे भाजी पिकवून ती गावच्या दुकानात देणाऱ्या शेतकऱ्यासारखे. जागच्या जागी आतडी-कोठा काढलेले हरीणही यातच मोडते. प्रमाण थोडे असेल आणि घेणारा स्थानिक असून थेट ग्राहकाला विकणारा असेल, तर फूड स्टँडर्ड्स एजन्सी या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या मार्गदर्शनानुसार फार सोपस्कार करावे लागत नाहीत. ‘स्थानिक’ याची व्याख्याही तिथे दिलेली आहे: स्वतःची काउंटी आणि तिच्या शेजारच्या काउंट्या, किंवा स्वतःच्या काउंटीच्या सीमेपासून ३० मैल, यांपैकी जे अधिक असेल ते. तुमच्या बाबतीत नॉरफोक, एसेक्स आणि केंब्रिजशायर त्यात सहज येतात. लंडनमधल्या ओळखीच्या मराठी हॉटेलवाल्याला माल पाठवण्याचा विचार असेल, तर आधी नकाशावर अंतर मोजा. माल सुरक्षित असण्याची आणि तो कुठून आला याची नोंद ठेवण्याची जबाबदारी मात्र सुटत नाही. पैसे न घेता, नुसत्या जेवणाच्या बदल्यात दिले तरीही ती तशीच राहते, कारण फुकट दिलेले अन्नही कायद्याने बाजारात आणलेलेच धरले जाते.

सोलून, तुकडे करून द्यायचे असेल तर ‘शिकाऱ्याची सवलत’ लागू होते, आणि ती फक्त तुम्ही स्वतः किंवा तुमच्या शिकारीच्या गटाने मारलेल्या जनावरांपुरतीच असते. मित्राने आणून दिलेले हरीण सोलून विकलेत तर ती सवलत उरत नाही आणि मान्यताप्राप्त प्रक्रिया केंद्राचा रस्ता धरावा लागतो. या सवलतीसाठी काम सुरू करण्याच्या २८ दिवस आधी स्थानिक कौन्सिलकडे खाद्यव्यवसाय म्हणून नोंदणी करावी लागते. ती विनाशुल्क असते, परंतु त्यानंतर तपासणीस येतात आणि धुता येतील अशा भिंती, हात धुण्याची वेगळी सोय, थंड खोली किंवा मोठा फ्रीज आणि धोक्यांचा लेखी आराखडा पाहतात. घरच्या ओट्यावर, जिथे सकाळी पोहे होतात तिथेच दुपारी हरीण सोलणे चालणार नाही, हे आधीच मनाशी पक्के करा.

पहिला हंगाम मी सोपा म्हणून कातडीसकट माल देण्याचा मार्ग धरला आणि त्यात फसलो. डिसेंबरमध्ये एका पबला फेझंट या रानपक्ष्याच्या सहा जोड्या नेऊन दिल्या. मालकाने आनंदाने घेतल्या, पण त्याच्या स्वयंपाकघरात पिसे काढायला वेगळी जागाच नव्हती, आणि कच्च्या पिसांजवळ तयार अन्न ठेवता येत नसल्याने आचाऱ्याने त्या तशाच परत केल्या. चूक माझी होती, कारण मी मालकाशी बोललो आणि आचाऱ्याशी बोललो नाही. आता हंगाम सुरू होण्यापूर्वी आचाऱ्याला भेटतो आणि त्याला काय हवे, कोणत्या दिवशी हवे आणि कोणत्या कापात हवे, हे लिहून घेतो. त्याला बहुधा फेझंटची फक्त छाती लागते, आणि जानेवारीत सगळ्यांकडेच फेझंट झाल्याने भाव पडतो. भेकराला मात्र वर्षभर मागणी असते. आपल्या सह्याद्रीतल्या भेकराचाच हा चिनी भाऊबंद इंग्लंडमध्ये बाहेरून आणून सोडलेला आहे, आणि त्याला बंद हंगाम नाही. त्याचा खांदा हाडासकट मंद आचेवर चार तास शिजवला की आपल्या बोकडाच्या मटणासारखाच सुटतो, असे मी एका आचाऱ्याला करून दाखवले, तेव्हापासून तो खांदेही मागू लागला. एरवी ते माझ्याकडेच पडून राहायचे.

विकण्याजोगे मांस गोळी लागल्यापासून पहिल्या अर्ध्या तासात घडते किंवा बिघडते. जनावर मरण्यापूर्वी कसे चालत होते, हे आठवून ठेवायचे. मग पोट उघडताना यकृत, फुफ्फुसे, प्लीहा आणि घशाजवळच्या व आतड्यांलगतच्या लसिका ग्रंथी बोटांनी चाचपून पाहायच्या. ग्रंथी सुजलेली असेल किंवा कापल्यावर आत चुनखडीसारखा पू दिसला, तर तिथेच थांबायचे, कारण तो क्षयरोग असू शकतो आणि त्याची खबर पशुआरोग्य यंत्रणेला देणे बंधनकारक आहे. गोळी पोटातून गेली आणि कोठ्यातला हिरवा चोथा मांड्यांवर पसरला, तर मी ते जनावर विकत नाही. धुऊन काढण्याचा मोह होतो, पण पाण्याने ती घाण आणखी आत पसरते. नंतर हरीण ७ अंशांखाली आणि पक्षी व ससे ४ अंशांखाली थंड करायचे, आणि प्रत्येक धडाला तारीख, वेळ, जागा व तुमचे नाव लिहिलेली चिठ्ठी बांधायची. हे सगळे हरणांच्या शिकारीच्या पहिल्या स्तरावरील प्रमाणपत्राच्या अभ्यासक्रमात शिकवतात. ते नसेल तर आधी घ्या, विक्री नंतर करा.

सगळेच मारलेले विकता येते, असे नाही. रानकबूतर वर्षभर विकता येते, मात्र ते मारताना सर्वसाधारण परवान्याच्या (सरकारने सगळ्यांसाठी खुल्या ठेवलेल्या परवानगीच्या) अटी पाळलेल्या असाव्यात. रानहंस (इंग्रजीत ‘गूज’, ‘स्वॉन’ नव्हे) मारण्यास हंगामात परवानगी असली तरी तो विकणे गुन्हा आहे, आणि येथे बरेच नवखे फसतात. मॅलार्ड, टील यांसारखी बदके १ सप्टेंबर ते २८ फेब्रुवारी एवढ्याच काळात विकता येतात. रानससा (इंग्रजीत ‘हेअर’, ‘रॅबिट’ नव्हे) मार्च ते जुलै विकण्यास १८९२ च्या कायद्याने मनाई आहे. शिकारीच्या पक्ष्यांच्या विक्रीसाठी लागणारा जुना परवाना १ ऑगस्ट २००७ रोजी रद्द झाला, त्यामुळे जुनी पुस्तके वाचून त्याच्या शोधात फिरू नका. रानडुक्कर मिळाले, तर ट्रिकिनेला या कृमीची चाचणी झाल्याशिवाय ते कोणालाही देऊ नका. शिशाचे छर्रे वापरत असाल, तर ते आचाऱ्याला स्पष्ट सांगा, कारण गरोदर स्त्रियांनी आणि लहान मुलांनी असे मांस कमीत कमी खावे, असा अधिकृत सल्ला आहे.

दोन गोष्टी शेतकऱ्याशी आणि स्वतःच्या कागदपत्रांशी संबंधित आहेत. मारलेले जनावर तुमचे, की शेतमालकाचे, हे परवानगीपत्रात लिहून घ्या. तोंडी बोलणे भांडणाच्या वेळी कामी येत नाही. आणि तुम्ही नोकरीच्या व्हिसावर असाल, तर स्वतंत्र धंदा करण्यावर बंधने असतात, म्हणून कौन्सिलमध्ये नोंदणी करण्यापूर्वी व्हिसाच्या अटी वाचून घ्या. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे हरणाचे मांस विकण्याचा विचारही करता येत नाही, त्यामुळे गावाकडे याचे फोटो पाठवताना सोबत दोन ओळींचा खुलासा लिहा. माझ्या काकांनी मला फोन करून बराच वेळ सुनावले होते आणि त्यांची काळजी मला रास्तच वाटली.